मूळ गाण्यापेक्षा जास्त वाजलेली तबकडी : तुमच्या कपाटातली आवडती कव्हर गाणी कोणती?

रंकाळ्याचा_वारा

राम राम मंडळी. रेकॉर्डवाल्यांसाठी एक विषय काढतोय.

एकानं गाऊन ठेवलेलं गाणं दुसऱ्यानं गायलं, म्हणजे कव्हर केलं, की आपल्याकडं "मूळ ते मूळच" म्हणून लगेच विषय मिटवतात. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या कपाटातली सगळ्यात जास्त वाजलेली एलपी (मोठी लाँग-प्ले तबकडी) अख्खीच्या अख्खी दुसऱ्याच्या गाण्यांची आहे : कुमार गंधर्वांची 'मला उमजलेले बालगंधर्व'. आजोबांच्या वेळच्या बालगंधर्वांच्या लाखेच्या तबकड्याही माझ्याकडं आहेत. त्या सणासुदीला काढतो, जपून लावतो, परत ठेवतो. कुमारांची मात्र सारखी प्लेअरवर चढलेली असते.

कारण सांगतो. 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी दहा इंची तबकडी म्हणजे एका बाजूला तीन, फार तर साडेतीन मिनिटं. नाटकात वन्स मोअर घेत घेत रात्र खाणारं पद तेवढ्यात कोंबायचं. त्यात सुरुवातीच्या रेकॉर्डी मायक्रोफोन यायच्या आधीच्या, भोंग्यासमोर उभं राहून गायलेल्या. बालगंधर्वांची जादू त्यातूनही पोचते ही त्यांची थोरवी. पण पद कसं उमलत जायचं हे त्या तबकडीत मावलेलं नाही. कुमारांना एलपीची ऐसपैस बाजू मिळाली, वीसेक मिनिटांची. आणि त्यांनी आवाजाची नक्कल केलीच नाही. बालगंधर्व कुठं थांबत, कुठला शब्द हळूच सोडून देत, लय कशी ओढून धरत, तेवढं उचललं आणि आपल्या गळ्यानं मांडलं. ही एलपी ऐकून मग आजोबांची 78 लावली की तिच्यातल्या दडलेल्या जागा कानाला सापडायला लागतात. कव्हर असं पाहिजे, मूळ गाण्याकडं परत पाठवणारं.

तर सांगा, तुमच्याकडं अशी कुठली रेकॉर्ड आहे? अट एकच : 78, ईपी (छोटी, 45 फेऱ्यांची) किंवा एलपी. कॅसेट आणि मोबाईल नको. आणि नुसतं नाव टाकून पळू नका, काय आवडतं ते लिहा.

पेठकर

पयला नंबर माझा! विषय नाद खुळा काढलास भावा.

आमच्यात एकच उत्तर. वसंतराव देशपांडे, 'रवि मी'. मूळ मास्टर दीनानाथांचं. वसंतरावांची तान सुटली की आमच्या खोलीतली भांडीसुद्धा हलतात.

मावशी_शाहूपुरी

पेठकर, भांडी हलतात ती तुमच्या आवाज वाढवण्यानं. 🙂

दीनानाथांचाच विषय निघालाय तर माझं मत आशाताईंना. 'युवती मना', 'चंद्रिका ही जणू', 'परवशता पाश दैवे'. वडिलांची पदं मुलीनं गायलीत. दीनानाथांचा गळा कसा, तर वीज पडावी तसा, एकदम वरून खाली. ते बाईच्या गळ्यातून काढायचं तर ताकद लावून चालत नाही. आशाताई त्या जागा तशाच घेतात पण धारेनं घेतात, जोरानं नाही. 'युवती मना'तल्या छोट्या हरकती ऐका. इतक्या झटकन येऊन जातात की सुई उचलून परत ठेवायचा मोह होतो. परत परत तीच जागा घासून रेकॉर्डला खरखर पडली, मग मालकांनी दम दिला.

रंकाळ्याचा_वारा

मावशी, एकदम मान्य. वसंतराव दीनानाथांना गुरुस्थानी मानायचे, त्यामुळं दोघांचाही हक्क आहे. एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला भक्त. दोन्ही रेकॉर्डी लागोपाठ लावून बघायला पाहिजेत.

सांगलीचा_पाहुणा

नाट्यसंगीताचा धागा आणि सांगलीला आवतण नाही? 1843 साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' आमच्यात केलं. बालगंधर्व नागठाण्याचे, म्हणजे आमचेच. दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत. कोल्हापूरकरांनी फक्त तबकड्या वाजवाव्यात.

पेठकर

या पाव्हणं, बसा. तुम्ही आता बोललात, मी ऐकून घेतलं. आता माझं ऐका.

'युवती मना', 'रवि मी', 'चंद्रिका ही जणू', 'शूरा मी वंदिले' ही सगळी पदं 'मानापमान'मधली. नाटक 1911 चं, खाडिलकरांचं. चाली कुणाच्या? गोविंदराव टेंबे, राहणार कोल्हापूर. त्याच टेंब्यांनी पुढं 1932 मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ला संगीत दिलं, तो बोलपट पण इथंच कोल्हापुरात झाला. आणि मास्टर दीनानाथांचा जन्म 1900 चा. नाटक आलं तेव्हा ते दहा वर्षांचं पोरगं. म्हणजे ती पदं पहिल्यांदा दुसऱ्याच कुणी तरी गायली, दीनानाथांनी नंतर बळवंत मंडळी या आपल्या नाटक कंपनीत आपल्या ढंगानं घेतली. म्हणजे काय? दीनानाथांचं पण कव्हरच की ओ!

सांगलीचा_पाहुणा

हे मात्र खरं बोललास. गप बसतो.

मावशी_शाहूपुरी

अगदी बरोबर, पेठकर. आणि ज्या गाण्याला आपण 'मूळ' म्हणतो ते बऱ्याचदा आपल्यापर्यंत पोचलेलं पहिलं असतं, इतकंच. 1911 च्या रात्री ते पद कसं वाजलं ते आज कुणाच्या कानात आहे?

क्लॅरिनेट_मास्तर

नमस्कार. मी मंगळवार पेठेतला. आमच्या घरी बँडचा धंदा, वडील क्लॅरिनेट वाजवत, आता मी. तुम्ही सगळे गाणाऱ्यांचं बोलताय. आमचं सगळं आयुष्यच कव्हरवर गेलंय. मिरवणुकीत लोकांना ओळखीचं गाणं लागतं, पण त्यात शब्द नसतात. शब्द नसताना गाणं ओळखू आलं पाहिजे, हीच परीक्षा.

माझी आवडती रेकॉर्ड प्रभाकर जोगांची व्हायोलिनची, 'गाणारं व्हायोलिन'. जोगसाहेब बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या बरोबर गीतरामायणात होते, त्यामुळं ते गाणं बोटातून नाही, शब्दातून वाजवतात. कुठल्या अक्षरावर गज वळवायचा हे ऐकून घ्या. 'ळ' आणि 'ल' वेगळा ऐकू येतो की काय असं वाटतं.

वडील गाणं कसं बसवायचे ते सांगतो. नवीन सिनेमाची 45 ची ईपी आणायची. पहिल्यांदा सरळ 45 वर ऐकायची, चाल डोक्यात घ्यायची. मग अवघड जागेसाठी प्लेअरचा काटा 33 वर. गाणं हळू होतं आणि सूर पण खाली उतरतो, मध्यमापेक्षा जरासा जास्तच. गाणारीचा आवाज पुरुषासारखा होतो, आम्ही पोरं हसायचो. पण तान अशी सुटी सुटी होते की एकेक स्वर मोजून घ्यावा. वडील एका हातानं आर्म उचलायचे, दुसऱ्या हातानं वहीत स्वर लिहायचे. सूर उतरलेला असल्यामुळं क्लॅरिनेटवर तो परत वर नेऊन वाजवायला लागायचा, ते हिशेब त्यांच्या डोक्यात. एका ईपीवरून पूर्ण पथकाचं बसवायचं, बासवाल्यापासून ढोलापर्यंत. त्या ईपी आता वाजण्याच्या लायक राहिल्या नाहीत. खाचा पांढऱ्या पडल्यात. पण टाकवत नाहीत.

रंकाळ्याचा_वारा

मास्तर, वाचताना अंगावर काटा आला. असंच लिहा अजून.

सुई_आणि_सूर

मास्तरांचा हिशेब बरोबर आहे. 45 ची तबकडी 33⅓ वर वाजवली की सूर पाच अर्धस्वरांच्या थोडा खाली जातो. म्हणजे षड्जावर वाजणारं खालच्या पंचमाच्याही किंचित खाली.

यावरून आठवलं. जुन्या 78 सगळ्या 78 च्याच वेगानं घेतलेल्या नसतात. सुरुवातीच्या काळात 80 च्या आसपास घेतलेल्याही सापडतात. 80 ची 78 वर लावली तर जवळजवळ अर्धा अर्धस्वर खाली येतो. मग मूळ आणि कव्हर शेजारी ठेवून "यांनी पट्टी बदलली" म्हणणारे लोक प्लेअरचा वेग तपासत नाहीत. पेटी घेऊन बसा आणि आधी षड्ज जुळवा, मग तुलना करा.

आणि हात जोडून विनंती : 78 ला एलपीची सुई लावू नका. 78 ची खाच रुंद असते, तिला साधारण तिपटीनं जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला जाऊन घाण उपसते, तिथं गाणं कमी आणि खरखर जास्त. लोक म्हणतात जुन्या रेकॉर्डला आवाजच नाही. आवाज आहे, सुई चुकीची आहे.

गिटारवाला_पोरगा

सर्वांना नमस्कार, मी या ग्रुपमध्ये वयानं सगळ्यात लहान असेन. इंग्रजी चालेल का?

पेठकर

चालेल की. बोल मर्दा.

गिटारवाला_पोरगा

धन्यवाद काका. माझं उत्तर बीटल्सचं 'ट्विस्ट अँड शाउट'. आयझली ब्रदर्सनी ते 1962 मध्ये गाजवलं. बीटल्सची पहिली एलपी 'प्लीज प्लीज मी' 1963 ची. तिच्यातल्या 14 पैकी 6 गाणी दुसऱ्यांची आहेत हे आमच्या कॉलेजात कुणाला खरंच वाटत नाही. एलपीचा बराचसा भाग 11 फेब्रुवारी 1963 या एकाच दिवसात रेकॉर्ड झाला. लेननला सर्दी झालेली होती, घसा गेलेला. हे गाणं घसा फाडून गायचं, म्हणून मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलं. तो फाटलेला आवाजच त्या गाण्याचा जीव आहे. नीट गळ्यानं गायलं असतं तर ते इतकं भिडलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, बॉब डिलनचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' 1967 चं, आणि जिमी हेंड्रिक्सनं ते 1968 मध्ये गिटारवर केलं. डिलनचं साधं, तीन वादकांचं. हेंड्रिक्सचं म्हणजे वादळ. नंतर डिलन स्वतःच ते हेंड्रिक्सच्या अंगानं वाजवायला लागला. ज्याचं गाणं त्यानंच कव्हरचा रस्ता धरला!

अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' पण. ऑटिस रेडिंगनं 1965 मध्ये पुरुषाच्या तोंडचं लिहिलं, तिनं 1967 मध्ये बाईच्या तोंडून गायलं आणि मागणी करणारी बाजूच बदलली.

मावशी_शाहूपुरी

बाळा, छान लिहिलंस. आमच्या काळातलं तुझ्या पसंतीचं सांगू का? उषा उथुप, तेव्हा उषा अय्यर म्हणून ओळखायचे. हँक विल्यम्सचं 'जांबालाया' तिनं गायलेलं आहे. कांजीवरम, मोठं कुंकू आणि तो खर्जातला आवाज. आमच्या भावानं मुंबईहून ती रेकॉर्ड आणली होती तेव्हा वडील म्हणाले, बाई गातीये की बुवा? पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच परत लावायला सांगितली.

उद्यमनगरी

मी गाण्यातला जाणकार नाही, लेथवरचा माणूस. शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे. पण प्लेअर दुरुस्तीला येतात म्हणून लिहितो.

मावशींनी आशाताईंच्या हरकतींचं लिहिलं. ज्यांच्याकडं आयडलर व्हीलचा जुना प्लेअर आहे त्यांनी एक तपासा. मोटरची पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. प्लेअर बंद असताना काटा वेगावर तसाच ठेवला तर ते चाक एकाच जागी दाबून राहतं आणि तिथं चपटं होतं. मग थाळीच्या प्रत्येक फेऱ्यात धक्के बसतात. जलद गाण्यात ते लपतं. पण लांब धरलेला सूर आला की तो हलतो, आणि माणूस म्हणतो या गायिकेचा सूर स्थिर नाही, मूळच बरं होतं. गायिकेचं काही चुकलेलं नसतं, तुमचं रबर गेलेलं असतं.

आमच्याकडं असं चाक आलं की जुनं कडक झालेलं रबर काढून टाकतो, नवीन रबरी कडं चिकटवतो आणि लेथवर फिरवत पॉलिश पेपरनं घासून गोल करतो. टूलनं कापायचं नाही, रबर ओढलं जातं आणि लाटा पडतात. हात हलका ठेवून, थोडं थोडं, मध्ये मध्ये गोलाई मोजायचा डायल गेज लावून बघायचं. घाई केली की ते चाक गेलंच. गोल झालं की मी नेहमी एखादं संथ गाणं लावून बघतो. माझ्याकडं त्यासाठी बाबूजींची एक रेकॉर्ड ठेवलेली आहे.

पेठकर

उद्यमनगरी दादा, लई भारी. माझा फिएस्टा प्लेअर बंद पडलाय, आणू का?

उद्यमनगरी

आणा. येताना कव्हरं पण आणा, गाण्याची. काम चालू असताना ऐकू.

रंकाळ्याचा_वारा

बाबूजींचं नाव आलं म्हणून एक कोडं टाकतो. सुधीर फडके जन्मानं कोल्हापूरचे, 1919 चे, म्हणजे घरचा माणूस. गीतरामायण पुणे आकाशवाणीवर 1955 च्या रामनवमीपासून सुरू झालं, 56 गाणी. रेडिओवर वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे आवाज होते. सीतेची गाणी माणिक वर्मांनी गायली. पण एचएमव्हीच्या संचात सगळी गाणी एकट्या बाबूजींच्या आवाजात आहेत. मग रेकॉर्डवरचं गीतरामायण हे कव्हर धरायचं का?

सुई_आणि_सूर

नाही. चाल त्यांचीच. संगीतकार स्वतःचं गाणं गायला तर ते कव्हर कसं?

गझलरसिक_को

मग मदनमोहन यांच्या आवाजातलं 'माई री' काय म्हणायचं? 'दस्तक' चित्रपटात ते लतादीदींचं. पण मदनमोहन यांनी स्वतः गायलेलंही उपलब्ध आहे आणि ते ऐकल्यावर लतादीदींनी कुणाच्या वेदनेवर गाणं उभं केलं ते कळतं. मी तर दोन्ही ठेवतो आणि नावाच्या वादात पडत नाही.

मावशी_शाहूपुरी

नावापेक्षा मला वेगळंच जाणवतं. माणिकताईंची सीता ही सीताच आहे. बाबूजींच्या तोंडून सीतेचं गाणं येतं तेव्हा ते कथा सांगणाऱ्या कुश-लवांच्या तोंडून आल्यासारखं वाटतं. एकाच चालीत दोन जागा. मी रेडिओवर माणिकताईंचं ऐकलेली पिढी आहे, तरी रेकॉर्ड लावते ती बाबूजींचीच, कारण तिथं अख्खं रामायण एकाच माणसाच्या श्वासात बांधलंय. माझ्यापुरतं तेच उत्तर.

अपर्णा_बेंगळुरू

मूळची राजारामपुरीची, आता नोकरीमुळं बेंगळुरूत. हा धागा दोनदा वाचला.

माझ्याकडं फरीदा खानम यांची एलपी आहे, 'आज जाने की ज़िद न करो' असलेली. गेल्या वर्षी मला कळलं की ते मुळात 'बादल और बिजली' या 1973 च्या पाकिस्तानी चित्रपटातलं, सोहेल राणा यांची चाल, हबीब वली मुहम्मद यांच्या आवाजात. म्हणजे आपण सगळे ज्याला मूळ समजतो तेच कव्हर! हबीब वली यांचं नेटकं, चित्रपटाला शोभेल असं. फरीदाजी मात्र एकेक शब्द हातात धरून बसतात, तालाला थांबायला लावतात. 'ज़िद' त्यांच्या आवाजातच ज़िद वाटते.

गझलरसिक_को

अपर्णाताई, अगदी माझ्या मनातलं. यात जगजित-चित्रा यांचं 'बाबुल मोरा' पण घाला, 'आविष्कार' 1974. सैगल यांचं 1938 च्या 'स्ट्रीट सिंगर'मधलं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असताना त्यांनी ते दोन आवाजांत, अगदी घरात गुणगुणल्यासारखं केलं. सैगलशी स्पर्धाच घेतली नाही.

पेठकर

आता एक भारी किस्सा. 'आदमी', 1968, नौशाद. 'कैसी हसीन आज बहारों की रात है'. पिक्चरमध्ये बघितलं तर रफी आणि महेंद्र कपूर. जुनी रेकॉर्ड लावली तर रफी आणि तलत महमूद! म्हणजे तबकडी आणि पडदा, दोन्हीकडं वेगळा माणूस. आमच्या पेठेत याच्यावर एकदा पैज लागलेली. जो पिक्चर बघून आला तो आणि जो रेकॉर्ड ऐकून आला तो, दोघं पण बरोबर. पैज कुणी द्यायची ते अजून ठरलेलं नाही.

मावशी_शाहूपुरी

तलतचंच चांगलं.

पेठकर

मावशी, इथं पण विरुद्ध पार्टी का? 😀 मला पण तलतच आवडतो.

नवखा_संग्राहक

धाग्यात थोडं वेगळं विचारतो. नव्वदच्या दशकात लहान असताना घरी जुन्या गाण्यांच्या कॅसेट आणल्या, वर मूळ चित्रपटाचं नाव, आतून आवाज भलत्याच कुणाचा. आई फार नाराज झाली होती. तेव्हापासून कव्हर म्हटलं की मला फसवणूकच वाटते. असं कायद्यात चालायचं का?

वकीलसाहेब_को

चालायचं, अटींवर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52(1)(j) होतं. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षं गेली की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून दुसऱ्याला तेच गाणं नव्या आवाजात काढता येत असे. कॅसेटच्या काळात त्याचा मोठा वापर झाला. 2012 च्या दुरुस्तीनं ते कलम गेलं आणि 31C आलं. आता पाच वर्षं थांबावं लागतं. तुमच्या आईंची जी तक्रार होती, नेमकं त्यावरच या कलमानं बोट ठेवलंय : आधीच्या गायकाचं नाव किंवा फोटो वेष्टनावर टाकायचा नाही, लोकांची दिशाभूल होईल असं काही छापायचं नाही, आणि हे कव्हर आहे असं वर स्पष्ट लिहायचं.

माझं वैयक्तिक मत : फसवणूक वेष्टनात होती, गाण्यात नाही. त्या कॅसेटींनी कितीतरी नव्या गळ्यांना तालीम दिली.

रंकाळ्याचा_वारा

वकीलसाहेब, माहिती मोलाची. पण तालमीवर मी असहमत. तिथं गायकाला मूळ गाण्यासारखंच गा असं सांगितलेलं असायचं. कुमारांनी, आशाताईंनी, फरीदाजींनी काय केलं? स्वतःचं काही तरी आत घातलं. हुबेहूब गायला गळा लागतो, पण दुसऱ्याचं गाणं आपलं करायला समज लागते. मी ही दोन कामं एका रांगेत बसवायला तयार नाही.

क्लॅरिनेट_मास्तर

वारेसाहेब, एक सांगू का? आम्ही बँडवाले हुबेहूबच वाजवायला बसतो. तरी ते हुबेहूब होत नाही. क्लॅरिनेटला लतादीदींचा श्वास कुठून येणार? मग आपोआप आपलं काही तरी येतं. त्या कॅसेटमधल्या पोरांचं पण तसंच झालं असेल. जो आज दुसऱ्यासारखं गातो तोच उद्या आपलं गातो. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांचीच गाणी वाजवली, पण गल्लीत लोक लांबून ओळखायचे की हे त्यांचंच क्लॅरिनेट.

रंकाळ्याचा_वारा

मास्तर, यावर माझ्याकडं उत्तर नाही. मानलं.

मावशी_शाहूपुरी

एक राहिलंच. 'वंदे मातरम्'. विष्णुपंत पागनीसांचं वेगळं, मास्टर कृष्णरावांचं वेगळं, 1952 च्या 'आनंदमठ'मधलं हेमंतकुमारांचं वेगळं. पागनीस म्हणजे आपल्या प्रभातचे संत तुकाराम. शब्द एकच, पण एकात पूजा आहे, एकात संचलन आहे आणि एकात लढाई. तिन्ही ऐकल्याशिवाय आवडतं कुठलं ते ठरवू नये.

गिटारवाला_पोरगा

मावशी, हे कुठं ऐकायला मिळेल? माझ्याकडं 78 वाजवायची सोयच नाही.

सुई_आणि_सूर

माझ्याकडं ये. आणि पावसाळ्याआधी ये. आपल्याकडच्या दमट हवेत जूनपासून रेकॉर्डवर बुरशी धरते, मग पुसापुशीतच वेळ जातो. एलपी पुसताना डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल चालतं. पण 78 ला अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही, लाख विरघळते. 78 ला नुसतं डिस्टिल्ड वॉटर, मऊ फडकं, आणि लेबल ओलं होऊ द्यायचं नाही.

अपर्णा_बेंगळुरू

मी पुढच्या महिन्यात गावी येतेय. एलपी बसनं आणायच्या असतील तर कशा आणू?

सुई_आणि_सूर

उभ्या. आडव्या एकावर एक रचायच्या नाहीत. आणि सामानाच्या डिकीत नाही, जवळ ठेव. डिकी तापली की वाकतात.

रंकाळ्याचा_वारा

मग ठरवूनच टाकू या. अपर्णाताई येतील त्या रविवारी सकाळी माझ्याकडं. क्रम असा : आधी दीनानाथांची 78, मग आशाताई, मग वसंतराव, मध्ये कुणी बोलायचं नाही. नंतर कुमार. मग फरीदाजी. शेवटी पोराचा हेंड्रिक्स, शेजाऱ्यांची परवानगी मी काढतो. सुई_आणि_सूर यांनी जाड सुई आणायची. उद्यमनगरी दादांनी माझ्या प्लेअरचं चाक एकदा बघून घ्यायचं.

पेठकर

मी पैजेसाठी 'आदमी'ची तबकडी आणतो. निकाल लागलाच पाहिजे.

क्लॅरिनेट_मास्तर

मी वाद्य घेऊन येतो. तुम्ही 'युवती मना' लावा, मी त्यावर वाजवून दाखवतो. पट्टी आधी कळवा म्हणजे झालं.

सांगलीचा_पाहुणा

मी सांगलीचं भडंग आणतो. एवढं तरी मान्य करा.

मावशी_शाहूपुरी

जरूर आणा. पण भडंग बाहेरच्या खोलीत. तेलकट हातानं कुणी माझ्या आशाताईंना हात लावायचा नाही.